टाच

मालवणात दांडीवर, मच्छीमार सोसायटीत
डिझेलच्या पावत्या फाडता फाडता
मी ब्वेनोस आयरेसचं तिकीट काढलं.
सत्तेचाळीस पूर्ण. डावा गुडघा कुरकुरतो.
भावाने विचारलं, तिथे कोण आहे आपलं?
म्हटलं, कोणी नाही, म्हणूनच.
सव्वादोन लाख लागले. रिकरिंगचे,
आणि आईची एक पाटली; ती त्याला अजून माहीत नाही.

परत आले तेव्हा लिलावात, सगळ्यांसमोर, कुमुदिनी केळुसकर:
"काय गो, थंय जावन काय शिकलंस?"
"चालूक."
"चालूक?"
"पाठी. उलट्या पायान."
बांगडा तिच्या हातातच राहिला.
"आमी फुकट चालतंव बाये."

तिला कसं सांगायचं.
चपलांच्या दुकानावर एक मजला होता,
लाकडी जमीन, चार पंखे, त्यातला एक चालू.
नेलिदाबाई ऐंशीच्या आसपास,
हातात काठी, तरी पायात उंच टाचेचे बूट.
टँगो टँगो म्हणून मी एवढी गेले
आणि तीन दिवस तिने कुणाचा हात धरू दिला नाही.
नुसतं चाल. भिंतीपासून भिंतीपर्यंत.
चौथ्या दिवशी ओस्वाल्दो दिला:
रिटायर बसड्रायव्हर, इस्त्रीचा शर्ट, कानात यंत्र.
त्याने माझ्या पाठीवर पंजा ठेवला,
आपल्याकडे ताप बघायला कपाळावर ठेवतात तितका हलका.
मी डोळे मिटले आणि मागे मागे गेले,
सरळ,
अडखळले नाही.

बाईने गाणं थांबवलं.
आधी कुठे शिकलीस?

रापण कशी सांगणार स्पॅनिशमध्ये?
पावतीच्या पाठीवर काढून दाखवली:
हा समुद्र, हे जाळं, या दोन दोऱ्या,
एकेका दोरीला पंधरा पंधरा माणसं,
तोंड पाण्याकडे, पाय घराकडे.
ही बुटकी रेघ मी, सात वर्षांची, बापाच्या पुढ्यात.
वळून कोणी बघत नाही.
मागे वाळू आहे, ती कुठे जाणार?

नेलिदा खूप हसली.
मग काठीने माझ्या पोटरीवर टकटक केलं.
टाच रोवतेस. ओढतेस त्याला.
तो मासा नाही.
आधी बोटं, मागाहून टाच, वजन सगळ्यात शेवटी.
आणि थांब.
येऊ दे त्याला.

त्या थांबण्याचेच बहुतेक पैसे गेले.
कारण जमलं ते एकदाच, शेवटच्या गुरुवारी,
अर्ध्या गाण्यापुरतं,
ओस्वाल्दोच्या छातीतली घरघर ऐकू येत होती
आणि पुढचं पाऊल कुणाचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आता रापण क्वचित लागते.
ट्रॉलरवाले खरवडून नेतात, पोरं गोव्याला हॉटेलांत.
हात कमी पडले की मलाही हाक येते.
काल दोरीवर माझ्या पाठी बाबल गिरकर होता.
एका माडाच्या हद्दीवरून अकरा वर्षं
त्यांचा आमचा अबोला.
ओढता ओढता माझी बोटं आधी पडली.
सवय.
माझ्याकडची दोरी क्षणभर सैल झाली
आणि तो येऊन आदळला, खांद्यासकट.

"टाच रोव गो! नाचतंस काय?"

अकरा वर्षांनी, हे.
"होय," म्हटलं.
तो पुटपुटला काहीतरी. मग चार पावलं गेल्यावर,
"थंय रापण आसता?"
"नाय."
"मगे कित्याक गेलंस?"

दोन्ही हात दोरीत, तोंडात खारं पाणी.
मी टाच रोवली.
जाळ्यात फार काही नव्हतं:
दोन टोपल्या पेडवे, चार कुर्ल्या
आणि कुणाची तरी चप्पल, डाव्या पायाची,
ती बाबलने उचलून बघितली, पायाला लावून बघितली,
आणि टाकली.