पिळाचं माप

ओहोटी लागली, तशी पोर्फियादा
चिखलात कुशीवर कलंडली.
पोर्फियादा म्हणजे हट्टी.
बाबांनी हे नाव ठेवलं तेव्हा
त्यांची नजर आईकडे होती म्हणे.

तिचं इंजिन मात्र शेडमध्ये, दोन ओंडक्यांवर,
चारही सिलिंडर आ वासून,
दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखं.
जुनं गॅस्केट मी नखाएवढं नखाएवढं खरवडलं.
ब्लॉकवर पट्टी उभी धरून मागून दिवा मारला,
उजेडाची फट कुठे दिसली नाही.
बोल्टांच्या भोकांतलं तेल बोळ्याने टिपलं.
तळाशी तेल साचलं तर बोल्ट तेलावरच टेकतो
आणि आपल्याला वाटतं, घट्ट बसला.

ओबिदिओमामा चुलीशी माते पीत होता.
"तुझ्या बापाला असला पाना लागत नव्हता.
आवळताना तोंडातून आवाज निघाला
की थांबायचा."
पण भिंतीवर बाबांच्या अक्षरात
खडूने लिहिलेलं अजून आहे: ६३.
आणि पुस्तकात ८५.
"बावीस जास्त! पोरी, आटे खाशील."
आमचं वाजलं. बराच वेळ वाजलं.
मग मी दिव्याखाली हिशेब मांडला,
फूट-पौंड एकीकडे, न्यूटन-मीटर दुसरीकडे,
ओढ एकच निघाली.
मामाने कागद उलटून पाहिला.
मागे काही नव्हतं.

सुरुवात मधून. मधले दोन, मग समोरासमोरचे,
मग गोगलगायीच्या पाठीवरच्या रेघेसारखं
फिरत फिरत कोपऱ्यांकडे.
पहिल्या फेरीला तीस. दुसरीला साठ.
एकालाच सगळा पीळ द्यायचा नाही,
हेड एका अंगाला रुसतं.
मामा मोजत होता, "चार. पाच. सहा."
पाना टक् म्हणाला की त्याची मान हलायची.

तिसरी फेरी. पंच्याऐंशी.
सहा बोल्ट टक् म्हणाले.
सातवा बोलेना.
मी ओढत गेले, पाना फिरत गेला,
मग हाताला मऊ लागलं,
चुलीजवळ राहिलेल्या मेणासारखं.
"सोड," मामा म्हणाला,
पण मी आधीच सोडलं होतं.

काढून पाहिला तर आटे ताणलेले,
मधोमध कंबर पडलेली.
एकोणीस वर्षं त्याने हेड धरून ठेवलं,
आणि नव्याला पैसे नाहीत म्हणून
मी त्यालाच घासूनपुसून परत उभं केलं होतं.

एकटा बोल्ट मिळत नाही, दहाचा संच घ्यावा लागतो.
तोही आचाओत नाही, कास्त्रोहून येईल, गुरुवारी.
गॅस्केटही नवं. एकदा दबलेलं पुन्हा चालत नाही.
सातव्या भोकात मी फडकं कोंबलं, पाऊस तिरपा येतो.

रात्री जेवताना मामाने खिशातून तो बोल्ट काढला,
बटाट्यांच्या ताटाशेजारी ठेवला.
"बिघडलाय, हे पान्याला कसं कळलं?"
"पान्याला नाही, मामा. हाताला कळलं."
तो काही बोलला नाही.
सगळ्यात मोठा बटाटा माझ्या ताटात आला.

मध्यरात्री भरती चढली.
खिडकीतून पाहिलं:
पोटात इंजिन नसतानाही
पोर्फियादा उठून उभी राहिली होती,
दोर ताणून.