भाग दुसरा

पासोड्या विठोबापाशी दीडशे रुपयांना
तीन सीड्या, मार्करने लिहिलेलं नाव, तेही चुकीचं.
सुश्रुतच्या घरी, सहकारनगरला,
पलंगाच्या कडेवर दोघं, माउस एकच.

बुटक्या योद्ध्याचं नाव आम्ही ठेवलं पेंढरकर,
खालच्या मजल्यावरच्या काकांवरून:
कुऱ्हाड जड, चिलखत फाटकं, तक्रारी फार.
गुरुवारी वीज जायची, म्हणून
बुधवारी रात्री सेव्ह, आणि पुन्हा एकदा सेव्ह.
नकाशा गणिताच्या चौकटीच्या वहीत,
लाल पेनाने सापळे.
तिसऱ्या तळघराच्या दारापाशी पोचलो
आणि बारावी आली.

आता वीस वर्षांनी भाग दुसरा निघालाय.
गवत हलतं. ज्याच्या त्याच्या डोळ्यांत वेगळा उजेड.
कुठे जायचं ते सोनेरी बाण दाखवतो,
हरवायची सोयच ठेवलेली नाही.
खेळ सुरुवातीलाच विचारतो:
जुने सोबती आणायचेत का?

फ्लॉपी सुश्रुतकडे.
सुश्रुत बाणेरला, माझ्यापासून नऊ किलोमीटर,
दिवाळीला एकमेकांना तोच तो दिवा पाठवतो आम्ही.

मी 'नाही' दाबलं.
मग रात्री सव्वा वाजता त्याला लिहिलं,
नमस्कार-चमत्कार काही न करता:
त्या तळघराच्या दाराची किल्ली कुठे होती रे?

दोन निळ्या खुणा. बराच वेळ नुसतं 'टाइप करतोय'.

विहिरीत.
पण आधी पेंढरकरला खाली सोड.
तो कुरकुरेल,
सोड.