जांगड

पंचोलींनी पावतीबुकाची मधली पानं उलटली
आणि वर लिहिलं: जांगड.
खाली, लेडीज सायकल, हिरवी, नग एक,
घंटीसहित, कुलूपसहित, कॅरिअर वाकडं.
खपली तर शेकडा पंधरा दुकानाचे.
नाही खपली तर माल मालकाचा.
चोरी, गंज, उंदीर यांना दुकान जबाबदार नाही.

'उंदीर?'
'सीट खातात, शरयूबेन.'
आणि त्यांनी माझं नाव गुजरातीत लिहिलं,
डोक्यावर रेघ नसलेलं.

जांगड म्हटलं की मला साड्या आठवतात.
माझ्या लग्नाआधी नवापुऱ्यातल्या दुकानातून
सात साड्या रात्रभर घरी आल्या होत्या.
हात धुऊन लावायचा, घडी मोडायची नाही.
दोन ठेवल्या, पाच सकाळी परत गेल्या.
ठेवलेल्या दोन कधीच विरल्या.
त्या पाचांचे काठ मी अजून सांगू शकते.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले,
चाला, पण पेडल नको.
बावीस वर्षं कोठीच्या कचेरीत मी
हिच्यावरून गेले,
पुढच्या बास्केटात डबा आणि लोकांच्या सातबाऱ्यांच्या नकला.

दर गुरुवारी रावपुऱ्यातून जाताना बघायची.
आधी ती दारात होती.
मग गिअरवाल्या लहान मुलांच्या सायकलींमागे.
मग आकड्याला टांगलेली, पुढचं चाक वर,
जशी काही घोडीने उसळी घेतलीय
आणि कोणी तिला तसंच विसरून गेलंय.
पुठ्ठ्यावर बावीसशे. त्यावर काट. एकोणीसशे. काट.
एकदा सुरसागरच्या काठी तीच दिसली, रस्त्यात, चालती,
दुकानाचा पोऱ्या चहाची किटली हँडलला अडकवून.
हाक मारणार होते.
पण तो वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक दाबत होता.
म्हणजे त्याला कळलं होतं.
मी गप्प राहिले. घंटी मात्र नव्हती.

आषाढ संपता संपता एक मुलगी आली,
नर्सिंगचा पांढरा ड्रेस, ताडासारखी उंच.
पंचोलींनी मला डोळ्यानेच सांगितलं, बोलू नका.
मुलगी सायकलीभोवती फिरली, टायर दाबले,
आणि बाकावर बसलेल्या परक्या बाईला,
म्हणजे मला, विचारलं,
'मासी, कशी वाटते?'

मी म्हटलं, पावसात मागचा ब्रेक धरत नाही.
चेन डावीकडे उतरते, खड्ड्यात नाही, सपाट रस्त्यावर.
सामान पुढे ठेव, मागे ठेवलंस तर नाक उचलते.
लहरीपुऱ्याच्या दरवाज्याखालून जाताना
उगाच जोर करू नकोस, ती आपणहून जाते.

पंचोलींनी कॅलक्युलेटर बाजूला ठेवला.
'बेन, वेचवी छे के नथी वेचवी?'
मला खरंच ठाऊक नव्हतं.
मुलगी हसली. सोळाशेला घेतली.
दोनशे चाळीस दुकानाचे, ऐंशी हवा-तेलाचे;
घंटीचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
उरलेले पैसे मी मोजले, परत मोजले,
चष्म्याच्या घरात ठेवले.

मग ती म्हणाली, 'सीट वर करून द्या ना.'
नट गंजला होता. इस्माईलने रॉकेल सोडलं,
हातोडीचे चार ठोके, एक शिवी,
आणि सीट वर आली, वर आली,
खालून चार बोटं नळी निघाली,
कोरी, चकचकीत, दुकानातून आणल्या दिवशी होती तशी.
एवढी वर्षं ती आतच होती,
मी बुटकी म्हणून.

इस्माईलने ती फडक्याने पुसली,
उजेडात एकदा फिरवून पाहिली.
'आता हिलाही पाऊस लागणार,' म्हणाला,
आणि बोटावर घेऊन थोडं ग्रीस लावलं.