उपसा

तिसऱ्या दिवशी लवू तारीनं डोळे उघडले
आणि पहिलं विचारलं,
"होडयेतला पाणी कोणी उपसला?"

जुलाबांनी तो
मीठ भरलेल्या बांगड्यासारखा
पाणी सोडत गेला होता.

आचऱ्याच्या दवाखान्यातली सिस्टर, गाबताचीच लेक,
सलाईनची गाठ सोडवत म्हणाली:
काका, लहान आतडं साडेतीन वाव लांब.
आतून जाळ्यासारखं चुण्याचुण्यांचं,
पसरलं तर तुमचं खळं भरेल.
रोज त्यात आठ-नऊ लिटर पाणी उतरतं,
प्यालेलं थोडं, बाकी आपलंच:
लाळ, पित्त, जठराचा आंबट रस.
जवळजवळ सगळं परत घेतलं जातं.
बाहेर जातं ते पेलाभर.

लवू गप्प.
जन्मभर त्यानं करटीनं पाणी बाहेर फेकलं.
हा कोण खलाशी
जो अंधारात बसून
पाणी आत उपसतो, पगाराशिवाय?

मीठ पाणी ओढतं, हे त्याला ठाऊक.
पण इथे मीठ एकटं उंबरा ओलांडत नाही म्हणे,
साखरेनं हात धरला की दोघं आत,
पाणी त्यांच्या मागोमाग.
आणि भाताचं शीत
विरघळत विरघळत साखरच होतं.

"म्हणजे आवशीची पेज."
"मीठ घालून," सिस्टर म्हणाली.

घरी तारामतीनं चमच्या-चमच्यानं पाजली.
रात्री पोट बोललं,
भरतीला होडीखाली बोलतं तसं.

पहाटे तो माडाच्या मुळाशी उभा राहिला,
बराच वेळ.
मग धार. पिवळी, थोडकीच.

आत येऊन म्हणाला, "माका बांगडो व्हयो."
तिनं पेजच वाढली.