तो फुलपाखरू

वेकफील्डच्या बाहेर, रोपं-कुंड्यांच्या दुकानामागे
काचेचं एक लांबलचक घर आहे.
फेब्रुवारीतली शाळेची सुट्टी, बाहेर दोन अंश,
पार्किंगमधल्या डबक्यांवर बर्फाची साय.
तिकिटाच्या खिडकीवर पाटी: तीन वर्षांखाली मोफत.
हर्षलने माझ्याकडे पाहिलं, मी ओजसकडे.
"तो तीन पूर्ण आहे, वर दोन महिने,"
निहिराने आतल्या बाईंना खणखणीत सांगितलं.
नऊ पौंड गेले. खरं बोलायला आम्हीच शिकवलेलं.

पहिलं दार, मग प्लास्टिकच्या जाड पट्ट्या, मग दुसरं दार,
आणि चष्मा एकदम आंधळा.
नुसता वास: ओली माती, पिकून फुटलेलं केळं.
फ्लीसच्या बाहीने पुसला, तर आणखी धुरकटला.
मग एकेक कोट उतरत गेला.
चार कोट, दोन टोप्या, एक मफलर, हातमोजा एकच,
सगळं माझ्या अंगावर. मी खुंटी.

निहिरा मुद्दाम केशरी स्वेटर घालून आलेली,
"म्हणजे त्यांना मी फूल वाटेन."
हात पसरून, श्वास धरून
बुजगावण्यासारखी उभी राहिली.
बुजगावण्याकडे कोण येतं?
एक निळं आलं, तळहाताएवढं,
मिटलं की वाळकं पान, उघडलं की डोळे दिपावेत असं,
तिला वळसा घालून
हर्षलच्या टकलावर जाऊन बसलं.
तो फोनवर कुणाला तरी
"हो, सोमवारपर्यंत नक्की" असं सांगत होता.
"बाबा, हलू नको!" ती किंचाळली,
आणि तिच्या किंचाळण्यानेच ते उडालं.
मग रडणं. नाक वाहणारं, खरंखुरं.

ओजस माझा गुडघा सोडेना.
"तो चावतो?"
"ते चावत नाही."
"तो फुलपाखरू झोपतो कुठे?"
"ते फुलपाखरू."
"ते फुलपाखरू झोपतो कुठे?"
रोजचंच आहे हे. तो खुर्ची, ती दूध.
पाळणाघरात खुर्चीला कुणी ती म्हणत नाही,
दुधाला कुणी ते.
मी आपली मागून पुसत जाते, फरशी पुसावी तशी.

कोपऱ्यात काचेची पेटी. आत कोष टांगलेले, ओळीने,
कोस्टा रिकाहून आलेले, पोस्टाने, कापसात गुंडाळून.
एक फुटत होता.
बाहेर आलं ते काही सुंदर नव्हतं:
चुरगळलेलं, ओलं,
खिशात धुतलं गेलेलं बसचं तिकीट जसं.
ओजसने गुडघा सोडला. काचेला नाक लावलं.
"तो आत्ता आला," म्हणाला.
"त्याला थंडी वाजेल. कोट दे."
मी ढिगातून त्याचा कोट ओढून दिला.
तो त्याने काचेला टेकवून धरला, दोन्ही हातांनी,
आणि मी काही दुरुस्त केलं नाही.

बाहेरच्या दाराशी उंच आरसा आहे,
वर लिहिलंय: सोबत कुणी येत नाही ना, बघून घ्या.
खाकी शर्टातल्या बाई प्रत्येकाला गोल फिरवत होत्या.
हर्षलचं हूड झटकलं,
माझ्या कोटांच्या ढिगात डोकावल्या.
ओजस फिरेना.
एक हात पुढे, तळवा वर, बोटं ताठ.
"तुझ्याकडे काय आहे, राजा?"
तो बोलेना.
त्या गुडघ्यावर बसल्या.
रिकामा तळवा नीट पाहिला, या बाजूने, त्या बाजूने,
मागे रांग खोळंबली तरी.
"हे चालेल," म्हणाल्या. "पण सांभाळून ने."

गाडीत पट्टा मी लावला, तो हात वगळून.
एम-वनवर लॉऱ्या चिखलपाणी उडवत होत्या.
निहिराने, डोळे अजून सुजलेले,
स्वतःची टोपी काढून
त्याच्या कोपराखाली सरकवली, कुणी न सांगता.
हर्षलने रेडिओ बंद केला.
बऱ्याच वेळाने, मागे न बघता, मी हळूच विचारलं,
"झोपला का गं?"
"हो," निहिराच्या आधी ओजसच कुजबुजला,
"तो झोपला."