पान एकतीस

कळमन्याच्या धर्मकाट्यावर रात्रपाळीला
दोन ट्रकांच्या मध्ये जेवढा वेळ मिळतो
तेवढीच माझी कादंबरी पुढे सरकते.
आधी भरलेला, मग रिकामा,
वजाबाकी करायची, पावती फाडायची,
आणि प्रेत जिथे सोडलं होतं तिथे परत यायचं.

मार्च म्हणजे मिरचीचा महिना.
भिवापूरची पोती येतात आणि सगळं आवार शिंकतं.
वाचनालयातले भुसारी म्हणतात,
'बाई, तुमच्या हातून आलेलं पुस्तक
मी रुमाल लावूनच मांडणीत ठेवतो.'
तरी नवं काही आलं की माझ्यासाठी
खणात बाजूला काढतात.

या खेपेची गोष्ट अशी:
झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांचे केसांचे टोप करणारी
द्रुपदा नावाची बाई, वय बासष्ट.
तिला चेहरेच ओळखू येत नाहीत. कुणाचेच.
आरशातल्या बाईलाही ती आधी नमस्कार करते.
माणूस ओळखते भांगावरून, चपलेच्या फरफटीवरून,
टाळूच्या वासावरून.
आणि वडशाला, तिसऱ्या अंकात,
पेटीमास्तर पेटीवरच पालथा.
भात्यातली हवा संपेपर्यंत एकच सूर.
विंगेत फक्त ही.
पोलीस विचारतात, चेहरा कसा होता?

मी हसले एकटीच.
माझ्याही नशिबी तोंडं नाहीत.
ट्रकची खिडकी उंच, माझी खुर्ची खाली,
वरून येतो नुसता हात:
कडं, अंगठी, नखातला ग्रीस.
बाकीचं काटा सांगतो,
कोण टाकी फुल्ल करून आलाय
आणि कोणी क्लीनरला पोत्यांमागे झोपवलाय.

मग पान एकतीस.
समासात, शिसपेन्सिलीनं, बारीक, तिरकं:
'खुनी हीच. टोपवाली.'

अक्षर ओळखीचं.
तीन वर्षं प्रत्येक नव्या रहस्यकथेत
हा माणूस एकतीसव्या पानावर उभा असतो.
'कंपाउंडर.' 'धाकटा जावई.' 'दोघं मिळून.'
आणि दर वेळी बरोबर.
काय काय शिव्या नाही घातल्या मी त्याला.
भुसारींना विचारलं होतं, 'काहून खोडत नाही तुम्ही?'
'गिऱ्हेपुंजे साहेब आहेत ते. रिटायर्ड मंडळ अधिकारी.
शेवट पाहून नाही लिहीत जी.
एकतीसपर्यंत वाचतात, नाव टाकतात,
मग पुढं पाहतात, पास का नापास.'

म्हणजे द्रुपदाबाई गेलीच, म्हटलं.
पुढची पानं मी तिच्याकडे तिरकं बघत वाचली,
जे बोलली ते खोटं धरून.
मध्येच एकोणीस टन दोनशे चाळीस,
मध्येच कांदा, मध्येच लाइट गेली.

पहाटे साडेचारला संपलं.
खुनी कोण ते मी इथे सांगणार नाही,
तुमच्याही हाती पडेल कधी.
पण ती नव्हती.
साहेब नापास.

आनंद व्हायला हवा होता.
झाला थोडा.
मग चहावाल्याची वाट पाहत बसून राहिले.
कंपाउंडर, जावई, वकील, मुनीम
साहेबांनी आयुष्यभर समोर पाहिलेले.
पण एकटी बाई,
नको तेवढं लक्ष देणारी,
बघते कुठे आणि ओळखते कशावरून ते न सांगणारी,
अशी बाई गोष्टीची मालकीण असेल
अशी नोंद त्यांच्या कुठल्या सातबाऱ्यात नव्हती.
मी तरी काय केलं?
दीडशे पानं त्यांच्याच पेन्सिलीनं वाचली.
मी, जिला पहिल्या वर्षी
अडत्ये तोंडावर विचारत,
'काट्यावर बाई? काटा बरोबर आहे नं?'
आणि शेजारच्या काट्यावर गाडी नेऊन
परत मोजून आणत.
आकडा तोच यायचा.
सॉरी कोणी म्हटलं नाही.

पावतीपुस्तकाची पेन्सिल घेतली,
त्यांच्या ओळीखाली लिहिलं:
'फेरवजन करावे.'
खाली तारीख, वेळ, माझी सही,
सवयीनं शिक्काही मारणार होते.

पुस्तक दोनदा झटकलं, फडक्यानं पुसलं.
तरी परत देताना
भुसारींना शिंक आलीच.