डावीकडे

थर्मासमधली कॉफी हायवेला लागायच्या आधीच संपली.
शेजारच्या सीटवर जाकीट, टॉर्च, अर्धं सँडविच
आणि वर्तमानपत्रातून कापलेला बोटभर फोटो:
जुन्या गाड्यांची रात्र, शनिवारी,
कोल्बी क्रॉसिंगच्या मातीच्या ट्रॅकवर.
फोटोत सात नंबर. रंग नवा, दुसऱ्या कुणाच्या आवडीचा.
पण पुढच्या खांबाचा तो बाक
मी काळोखात हात फिरवूनही ओळखला असता.

मुलीला सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे चाललेय.
ती म्हणाली, शनिवारी?
मी म्हटलं, हो, शनिवारी.

दोनशे ऐंशी मैल. सोयाबीन, मग मका, मग पुन्हा सोयाबीन.
रेडिओवर डुकरांचे भाव, त्यानंतर एक प्रार्थना,
त्यानंतर नुसती खरखर; ती मी बराच वेळ ऐकत राहिले.
मिझुरीच्या पुलावर खिडकी खाली केली.
साऊथ डाकोटा मागे पडलं आणि
चौसष्ट वर्षांच्या बाईला उगाचच हसू आलं.

दुपारपासून पाण्याचा ट्रक ट्रॅकला गोल गोल फिरत होता,
जमीन सारवणाऱ्या माणसाच्या सबुरीनं.
तिकीटवालीनं मनगटावर शिक्का मारला, जांभळा कोंबडा.
बाकावर शेजारी ऑर्व्हिल द्वोराक नावाचे गृहस्थ,
मांडीखाली उशी, खिशात जादा गॉगल.
पहिल्यांदाच आलात?
मी म्हटलं, हो.
का म्हटलं, कुणास ठाऊक.

मग हिरवा झेंडा.
चौदा इंजिनं एकदम, आणि पोटातलं सगळं जागेवरून हललं.
वळणावर गाड्या आडव्या होऊन धावतात, तोंड एकीकडे, वाट दुसरीकडे;
मागच्या चाकांतून ओली माती उडते,
कुंपणावरून येते, टोप्यांवर, बिअरमध्ये, पोरांच्या आइस्क्रीमवर पडते
आणि कुणीही कुरकुरत नाही.
माती खाल्ली, असं आपण चुकलेल्या माणसाला म्हणतो.
इथे चारशे लोक पैसे मोजून खात होते.

सात नंबर नववा आला.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, मेव्हण्याच्या शेडमध्ये,
रात्री दोन वाजता, बोटं बधिर झालेली असताना
मागच्या डाव्या बाजूचा जोड मी स्वतः वेल्ड केला होता.
अर्धा इंच चुकला. सकाळी दिसलं. पैसे संपले होते.
त्या एका उन्हाळ्यात अकरा शर्यती धावले.
गाडी डावीकडे ओढायची,
पण जिथे सगळ्यांना डावीकडेच वळायचं असतं
तिथे माझी चूक कसबासारखी खपून गेली.
दोनदा तर जिंकलेही.
मग बाळ झालं, गाडी विकली, मका विकला,
इस्पितळाच्या लॉन्ड्रीत एकतीस वर्षं चादरी घातल्या-काढल्या.

शर्यतीनंतर गाड्यांच्या आवारात कुणालाही जाता येतं.
ब्रिन क्लोस्टरमन, एकोणीस वर्षांची,
डोळ्यांभोवती गॉगलची स्वच्छ गोरी वर्तुळं, बाकी सगळी चिखल.
टायरवर बसून पीच खात होती.
गाडी छान आहे, मी म्हटलं.
छान आहे, पण हट्टी आहे, ती म्हणाली.
सरळ रस्त्यावर सारखी डावीकडे जाते. बाबांनी सगळं तपासलं.
मी वाकले. गुडघा कडकन वाजला.
रंगाखाली तो जोड होता, वरवंट्याच्या टोकासारखा ओबडधोबड.
त्यावर बोट ठेवलं. अजून गरम होता.
हा बघ, मी म्हटलं.
ती पीच हातात धरून खाली बसली, बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, कुणी केलंय हे?
तेवढ्यात भोंगा वाजला, पुढच्या शर्यतीच्या गाड्या सुटल्या,
माझं उत्तर त्या आवाजात गेलं.
तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही.
पण निघताना तिनं उरलेली पीच माझ्या हातात दिली.

मोटेलच्या बेसिनमध्ये तपकिरी पाणी वाहत असताना
मुलीचा फोन आला.
काय म्हणाले डॉक्टर?
मी जिभेनं दातांतली माती चाचपली.
म्हटलं, एक जुनं फिलिंग आहे, वाकडं बसलेलं.
पण अजून धरून आहे म्हणाले.